गौरवगीतांचे औचित्य

अलंकार सुंदर असला तरी तो योग्य स्थानी नसेल तर हास्यास्पद ठरतो, असे क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त सांगितले आहे. मेखला गळ्यात आणि हार कमरेला बांधणाऱ्याचा त्याचा दृष्टान्त सर्वश्रुत आहे. आपल्या शाळांतून २६ जुलै रोजी, कारगिल विजयदिनी, माजी सैनिकांपुढे जी गीते म्हटली जातात, त्यांना हीच कसोटी लावण्याचा येथे विचार आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेच्या समारंभासाठी प्रस्तुत लेखकाने स्वतः तीन गीते निवडली होती. पहिले, कवी प्रदीप यांचे, सी. रामचंद्रांनी स्वरबद्ध केलेले व लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायिलेले गीत. दुसरे, कुसुमाग्रजांची ‘अनामवीरा’ ही कविता. तिसरे, १६७४ साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी जी उडी घेतली, तिच्यावरील कुसुमाग्रजांचीच कविता. तिन्ही रचनांच्या श्रेष्ठतेविषयी वाद नाही. समारंभ संपल्यावर मात्र पाहुणे सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, “सर, मुलं सुरेख गायली. पण ही सगळी गाणी माझ्या सोबत्यांची झाली. आम्ही परत आलो ना.”

या एका वाक्याने आमच्या निवडीचे मर्मच उघडे केले. तिन्ही गीतांतील वीर रणांगणावरून परतत नाही. पहिले गीत १९६२ च्या युद्धात कामी आलेल्यांचे स्मरण आहे. ‘अनामवीरा’चे सामर्थ्य वीराच्या निनावीपणात आहे, परंतु ज्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापले आहे, त्याच्यासमोर तोच गुण विसंगत होतो. आपण श्रद्धांजली आणि सत्कार यांत गल्लत करीत होतो.

श्रेष्ठ काव्य प्रसंगाच्या पलीकडे जाते, असा आक्षेप कोणी घेईल. वाचकाच्या एकान्तात ते खरे आहे. सभेत मात्र गीत हे कोणाला तरी उद्देशून असते, आणि समोर बसलेला माणूस त्या संबोधनात सामावतो की नाही, हे पाहावेच लागते.

वस्तुतः जिवंत वीराचा गौरव मराठीला नवा नाही. १६५९ च्या अफझलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवछत्रपतींच्या हयातीतच रचला गेला. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात नायक पडतो हे खरे. तथापि त्यातील तानाजी मुलाचे लग्न मांडून बसलेला घरचा माणूस आहे. शाहीर नाव, गाव, वाट, वेळ सांगतो. उलट आपल्या अलीकडच्या समूहगीतांत ‘जवान’ आणि ‘सीमा’ हे शब्दच तेवढे उरतात. तोलोलिंगचा उभा चढ, १९८४ पासून सियाचीनवर चालत आलेला पहारा, १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेचे अनुभव यांना त्यांत स्थान नाही. शांतिसेनेतून परतलेल्यांच्या वाट्याला तर विजयदिनही आला नाही. जातेवरील ओवीत सासुरवाशीण भावाची वाट पाहते, तो घरी आला की तिचे मन भरून येते. परतलेल्याचे स्वागत करणारा हा सूरही आपण विसरलो.

तेव्हा शिक्षकबंधूंना दोन सूचना कराव्याशा वाटतात. समारंभाच्या आरंभी दिवंगतांसाठी एकच गीत म्हणावे आणि सर्वांनी उभे राहून ते ऐकावे. त्यानंतर पाहुण्यांच्या सत्कारासाठी विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेला छोटा पोवाडा असावा. त्यासाठी मुलांनी अगोदर पाहुण्यांकडे जाऊन त्यांची हकीकत ऐकावी, आणि जे त्यांना सांगावयाचे नसेल ते विचारू नये. अशा रचनेत यमके अडखळतील, वृत्तही ढळेल. परंतु आपले गाव, आपली पलटण आणि आपला परतीचा दिवस गाण्यात ऐकणाऱ्या माणसाला ते दोष जाणवणार नाहीत, आणि मुलांनाही गौरव म्हणजे काय ते अधिक नेमके कळेल.