दस्तऐवज की कलाकृती? : ‘हार्लेम ऑन माय माइंड’ (१९६९) या प्रदर्शनाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

छायाचित्र-प्रदर्शनाचे उद्घाटन हा वरकरणी एक औपचारिक समारंभ असतो. परंतु ज्या प्रदर्शनात एखादी संपूर्ण वस्ती किंवा समाज व्यक्तिछायाचित्रांतून मांडलेला असतो, तेथे या समारंभाला निराळे महत्त्व प्राप्त होते. भिंतीवर ज्यांचे चेहरे लागले आहेत ती माणसे, त्यांचे नातलग व शेजारी त्या दिवशी दालनात असतात की नाही, असल्यास यजमान म्हणून असतात की पाहुणे म्हणून, आणि छायाचित्र काढणाऱ्याचा उल्लेख कलावंत म्हणून होतो की माहितीचा पुरवठादार म्हणून, यांवरून प्रदर्शनाची भूमिका त्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट या संग्रहालयात १८ जानेवारी १९६९ रोजी जनतेसाठी खुले झालेले ‘हार्लेम ऑन माय माइंड : कल्चरल कॅपिटल ऑफ ब्लॅक अमेरिका, १९००–१९६८’ हे प्रदर्शन या दृष्टीने आजही अभ्यासनीय ठरते. त्याच्या उद्घाटनाला हार्लेमचे कलावंत आले होते. मात्र ते संग्रहालयाच्या पायऱ्यांसमोर, हातात फलक घेऊन उभे होते.

प्रदर्शनाची रचना

थॉमस होव्हिंग हे १९६७ मध्ये संग्रहालयाचे संचालक झाले. बदलत्या शहराशी संग्रहालयाचे नाते जोडावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी या प्रदर्शनाची जबाबदारी ॲलन शोनर यांच्याकडे सोपविली. शोनर यांनी १९६६ मध्ये ज्यूइश म्युझियममध्ये लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीवर भरविलेले प्रदर्शन गाजले होते. तोच आराखडा त्यांनी हार्लेमला लावला. एकेका दशकाला एकेक विभाग, छतापर्यंत पोहोचणारी विस्तारित छायाचित्रे, पडद्यावर उमटणाऱ्या पारदर्शिका आणि ध्वनिमुद्रित संगीत व भाषणे अशी ही मांडणी होती. हार्लेममधील १२५ वा रस्ता आणि सातवा ॲव्हेन्यू यांच्या नाक्यावरची प्रत्यक्ष वर्दळ क्लोज्ड सर्किट दूरचित्रवाणीद्वारे दालनात दाखविण्यात आली होती. संग्रहालयापासून हा नाका जेमतेम साडेतीन किलोमीटरवर आहे. तेथवर चालत जाण्याऐवजी तो पडद्यावर पाहण्याची सोय प्रेक्षकाला करून देण्यात आली, ही बाब प्रदर्शनाच्या एकंदर दृष्टीविषयी पुरेशी बोलकी आहे.

प्रदर्शनाचे शीर्षक आयर्विंग बर्लिन या श्वेतवर्णीय गीतकार-संगीतकाराच्या १९३३ च्या गीतावरून घेतलेले होते. हार्लेम कोणाच्या ‘मनात’ आहे, हा प्रश्न शीर्षकापासूनच उपस्थित होतो. विभागांची नावेही लक्षणीय होती. तिसाव्या दशकाचा विभाग मंदी आणि हलाखीचा, पन्नासचा वैफल्याचा आणि द्विधा मनःस्थितीचा, साठचा लढाऊपणाचा आणि अस्मितेचा, असे प्रत्येक कालखंडाचे एक भावविधान आधीच निश्चित झाले होते. छायाचित्रांनी या विधानाला पुरावा पुरवावा एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

सर्वांत गंभीर बाब अशी की, कलासंग्रहालयात भरलेल्या या प्रदर्शनात कृष्णवर्णीय चित्रकार व शिल्पकारांच्या मूळ कलाकृतींना स्थान नव्हते. आपले प्रदर्शन सामाजिक इतिहासाचे आहे, कलेचे नव्हे, अशी आयोजकांची भूमिका होती. ‘हार्लेम कल्चरल कौन्सिल’ने १९६८ मध्येच आपला पाठिंबा काढून घेतला होता, स्थानिक सल्लागारांचे सल्ले मागविले जात, परंतु निर्णय अन्यत्र होत, ही तक्रार वारंवार होत होती. जानेवारी १९६९ मध्ये बेनी अँड्र्यूज, क्लिफ जोसेफ, हेन्री घेंट आदींनी ‘ब्लॅक इमर्जन्सी कल्चरल कोअलिशन’ स्थापन करून संग्रहालयासमोर निदर्शने सुरू केली.

प्रदर्शनग्रंथाची कथा अध्यापकवर्गाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. त्याची प्रस्तावना हार्लेममधील एका शालेय विद्यार्थिनीच्या निबंधावरून घेतली होती. निबंधातील काही मजकूर नेथन ग्लेझर आणि डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहन यांच्या १९६३ च्या समाजशास्त्रीय ग्रंथावर आधारलेला होता. छपाईपूर्वी संदर्भ व अवतरणचिन्हे गळाली, आणि ज्यू समाजाविषयीची विधाने त्या मुलीची स्वतःची म्हणून प्रसिद्ध झाली. मोठा क्षोभ उसळला. महापौर जॉन लिंडसे यांनी निषेध केला. ग्रंथ मागे घ्यावा लागला. प्रौढ, मान्यवर विद्वानांचे मत संदर्भासह छापले असते तर कदाचित त्यावर वाद झाला असता. संदर्भाविना छापल्याने दोषाचे धनीपण एका शाळकरी मुलीकडे गेले. वस्तीचा ‘अस्सल आवाज’ हवा या हौसेपायी त्या आवाजाचा अभ्यास मात्र पुसला गेला. छायाचित्रांच्या बाबतीत दालनात जे घडले, तेच येथे लिखित मजकुराच्या बाबतीत घडले.

व्हॅन डर झी यांची छायाचित्रे

या प्रदर्शनाचे टिकाऊ महत्त्व मात्र आयोजकांच्या योजनेबाहेरील एका गोष्टीत आहे. प्रदर्शनासाठी छायाचित्रांचा शोध घेणारे रेजिनाल्ड मॅगी हे १९६७ च्या अखेरीस हार्लेममधील एका जुन्या फोटो स्टुडिओत पोहोचले. तेथे जेम्स व्हॅन डर झी (१८८६–१९८३) यांनी अर्धशतकभर काढलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह जपून ठेवलेल्या होत्या. प्रदर्शनातील सर्वाधिक छायाचित्रे पुरविणारे एकटे छायाचित्रकार तेच ठरले. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे नाव प्रथमच हार्लेमबाहेर गेले.

व्हॅन डर झी यांना दस्तऐवजकार म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होय. ते मुळात संगीताचे व्यासंगी, व्हायोलिनवादक. छायाचित्रण हा त्यांचा धंदा होता आणि ग्राहकाचे समाधान हे त्या धंद्याचे पहिले सूत्र होते. विवाह, दफनविधी, पदवीदान, धर्मसंस्था व बंधुमंडळे यांचे समूह, १९२४ मध्ये मार्कस गार्वी यांच्या चळवळीच्या मिरवणुका, असा त्यांच्या कामाचा विस्तार होता. स्टुडिओत रंगविलेला पडदा असे, बसावयास चांगली खुर्ची असे. पोशाख नीट नसेल तर तो नीट करून घेतला जाई. त्यानंतर निगेटिव्हवर काम सुरू होई. चेहऱ्यावरील सुरकुती पेन्सिलीने मऊ करणे, गळ्यात किंवा बोटात नसलेला दागिना कोरून काढणे, दोन निगेटिव्ह एकत्र छापून तिसरेच दृश्य निर्माण करणे, हे सारे ते करीत. १९२६ मधील एका विवाहचित्रात नवदांपत्याच्या पायाशी बाहुलीशी खेळणारे एक लहान मूल अर्धपारदर्शक रूपात दिसते; ते त्या दांपत्याचे अद्याप न जन्मलेले अपत्य आहे. या चित्राचे शीर्षकच भविष्यातील अपेक्षेचा निर्देश करते. पुरावा म्हणून या छायाचित्राचे मूल्य शून्य आहे. ते मूल तेथे नव्हते. इच्छेची साक्ष म्हणून मात्र त्याच्याइतके बोलके चित्र विरळाच आढळेल.

१९३२ मधील त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र या संदर्भात पाहावे. पश्चिम १२७ व्या रस्त्यावर कॅडिलॅक मोटारीसह रॅकूनच्या केसाळ कातड्याचे कोट परिधान केलेले एक जोडपे आहे. पुरुष मोटारीत बसला आहे, स्त्री बाहेर उभी आहे. दोघांच्याही मुद्रेत संकोचाचा लवलेश नाही. अमेरिकेतील महामंदीचे हे ऐन वर्ष. प्रदर्शनाने या दशकाला दिलेले हलाखीचे नाव चुकीचे नव्हते. हार्लेमने मंदीचे चटके अतिशय तीव्रतेने सोसले. परंतु या जोडप्याला आपले चित्र हलाखीचे उदाहरण म्हणून काढून घ्यावयाचे नव्हते. त्यांनी पैसे मोजून आपली एक प्रतिमा घडवून घेतली होती. बाहेरच्या वृत्तपत्रीय कॅमेऱ्याने टिपलेला हार्लेम आणि ग्राहकाने घडवून घेतलेला हार्लेम, हे दोन भिन्न प्रकारचे लेखन आहे. पहिल्यात माणूस पकडला जातो. दुसऱ्यात तो उभा राहतो. ‘हार्लेम ऑन माय माइंड’ने हे दोन्ही प्रकार एकाच भिंतीवर, एकाच कालक्रमात लावले आणि त्यांतील भेद जवळजवळ मिटवून टाकला. विस्तारित मुद्रणाचा यात मोठा वाटा आहे. हातात धरून पाहावयाचे, घराच्या दिवाणखान्यात शोभावयाचे चित्र भिंतीएवढे केले की निगेटिव्हवरील ते नाजूक हस्तकौशल्य विरून जाते आणि केवळ ‘त्या काळचे लोक’ उरतात.

निदर्शकांची बाजू आणि तिची मर्यादा

निदर्शकांची मूळ मागणी निर्विवादपणे रास्त होती. कृष्णवर्णीय समाजाच्या नावाने कलासंग्रहालयाची दालने खुली करावयाची आणि त्याच समाजाच्या जिवंत कलावंतांना बाहेर ठेवावयाचे, यातील विसंगती कोणत्याही युक्तिवादाने झाकता येत नाही. तथापि निषेधाच्या भाषेत एक दुर्बल स्थान होते. ‘मेट्रोपॉलिटन छायाचित्र-संग्रहालयाला भेट द्या’ अशा आशयाचा उपरोधिक फलक निदर्शनांत झळकला होता. या उपरोधामागील गृहीतक असे की, छायाचित्र म्हणजे कलेपेक्षा काहीतरी उणे. म्हणजे दालनातील आयोजक आणि बाहेरील निदर्शक यांचे एका मुद्द्यावर एकमत होते. छायाचित्र हे दस्तऐवज आहे, हे दोघांनीही मान्य केले होते. आणि या एकमतात व्हॅन डर झी कलावंत म्हणून कोणालाच दिसले नाहीत.

हा पेच नेमकेपणाने ओळखला तो रॉय डीकरावा (१९१९–२००९) यांनी. १९५२ मध्ये गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार होत. लँगस्टन ह्यूज यांच्या मजकुरासह १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ’ हे पुस्तक हार्लेमवरील छायाचित्रणातील श्रेष्ठ कृती मानले जाते. ते या प्रदर्शनापासून दूर राहिले. छायाचित्रे आहेत म्हणून त्यांचा विरोध नव्हता. छायाचित्रणाची जाण आणि त्याविषयीचा आदर आयोजकांपाशी नाही, हे त्यांच्या आक्षेपाचे सार होते. प्रदर्शनाविषयीच्या त्या काळच्या सर्व वादविवादांत ही भूमिका सर्वाधिक सूक्ष्म म्हणावी लागेल, आणि तीच सर्वांत कमी ऐकली गेली.

मराठी अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून आपले नाव घेतले, हे सर्वश्रुत आहे. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचा परिचय मराठीत करून दिला. पुढे दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांचे स्वागत प्रामुख्याने ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’ म्हणूनच झाले. हे स्वागत अनादराने झाले असे नाही. पुष्कळदा ते गहिवरून झाले. परंतु निवेदनाची रचना, बोलीची निवड, प्रसंगांची गाळणी यांविषयी बोलण्याची गरज गहिवरामुळे टळत गेली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथाने उभा केलेला निकषांचा प्रश्न आणि डीकरावा यांचा आक्षेप यांत निकटचे साम्य आहे. खरे भोगलेले आहे एवढ्यावर कृती संपत नाही, आणि खरे भोगलेले असल्यामुळे ती कलेच्या विचारातून वगळताही येत नाही.

उत्तरवृत्त

ज्या वर्षी व्हॅन डर झी यांची छायाचित्रे मेट्रोपॉलिटनच्या भिंतींवर झळकली, त्याच वर्षी, १९६९ मध्ये, त्यांना व त्यांच्या पत्नीला हार्लेममधील राहत्या घरातून निष्कासित करण्यात आले. पुढील काही वर्षे हलाखीत गेली. १९७८ मध्ये त्यांच्या मृत्यूविषयक छायाचित्रांचे ‘द हार्लेम बुक ऑफ द डेड’ हे पुस्तक टोनी मॉरिसन यांच्या प्रास्ताविकासह निघाले आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. १९८२ मध्ये त्यांनी तरुण चित्रकार झाँ-मिशेल बास्किया याचे व्यक्तिछायाचित्र काढले. डिसेंबर २०२१ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि हार्लेममधील स्टुडिओ म्युझियम यांनी त्यांचा संग्रह संयुक्तपणे प्राप्त केल्याचे जाहीर झाले. त्यात सुमारे २०,००० मुद्रिते व ३०,००० निगेटिव्ह आहेत. स्टुडिओ म्युझियमची स्थापना सप्टेंबर १९६८ मधील, म्हणजे वादग्रस्त उद्घाटनाच्या चारच महिने आधीची, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

२०२४ मध्ये मेट्रोपॉलिटनने डेनिस मरेल यांच्या नियोजनाखाली हार्लेम प्रबोधनावर नवे प्रदर्शन भरविले. त्यात ॲरन डग्लस, आर्चिबाल्ड मॉटली, लॉरा व्हीलर वेअरिंग आदींच्या चित्रांच्या जोडीने व्हॅन डर झी यांची छायाचित्रे होती. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या निदर्शकांची मागणी आणि डीकरावा यांचा आक्षेप या दोहोंचे ते उशिरा दिलेले उत्तर होते. रॅकूनच्या कोटातील त्या जोडप्याची नावे मात्र छायाचित्राच्या शीर्षकात अजूनही नाहीत.