वादळाची श्रेणी काय मोजते आणि काय सोडते?

मित्रांनो, सिनॉप्सिस लिहायच्या आधी एखाद्या मोजपट्टीची चिकित्सा करायला शिका. आज घेऊ वादळाची पट्टी.

अमेरिकेकडे हरिकेन सरकू लागलं की बातम्यांत 'श्रेणी ३', 'श्रेणी ४' सुरू होतं. ही सॅफिर-सिम्पसन श्रेणी. ताशी १७८ किमी किंवा जास्त वारा असेल तर ते 'मोठं' हरिकेन. आपलं हवामान खातंही वाऱ्यावरूनच दर्जा ठरवतं: ६२ ते ८८ किमी म्हणजे चक्रीवादळ, ८९ ते ११७ म्हणजे तीव्र चक्रीवादळ.

पट्टीत दम आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ते काम वाऱ्याचंच.

पण पाण्याचं काय? २००५ चं कतरीना समुद्रात श्रेणी ५ होतं, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर आलं ते श्रेणी ३ होऊन. श्रेणी उतरली, उसळलेला समुद्र उतरला नाही. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, शहर बुडालं.

आता आपल्या जिंतूरच्या बाजूने बघा. २६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' आंध्रात कलिंगपट्टणमजवळ आलं. दर्जा साधं चक्रीवादळ, म्हणजे नाव मिळणाऱ्यांत सगळ्यात खालची पायरी. जमिनीवर वारा विरला, पण बाष्प घेऊन तेच मराठवाड्यावर आलं. मांजरा दुथडी वाहिली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. पुढे त्याचेच अवशेष अरबी समुद्रात 'शाहीन' झाले आणि ओमानवर गेले. वाऱ्याच्या पट्टीवर मराठवाड्यातलं हे नुकसान जवळजवळ शून्य दिसतं! 'वादळ विरलं' हे ऐकून शेतकरी निर्धास्त झाला, तर चूक कोणाची?

म्हणून माझा आक्षेप पट्टीवर नाही, तिला 'विध्वंसाची ताकद' म्हणण्यावर आहे. ती ताकद वारा, समुद्राची उसळ, पाऊस, वादळाचा आकार आणि पुढे सरकण्याचा वेग यांतून ठरते. शिवाय अमेरिका एका मिनिटाची सरासरी घेते, आपण तीन मिनिटांची. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात तसेच टाकू नका.

तुमच्या विषयातला निर्देशांक कोणताही असो, त्याला तीन प्रश्न विचारा: काय मोजलं, कुठे मोजलं, आणि कोणाचं नुकसान मोजायचं राहिलं? तिसऱ्या प्रश्नातच बहुतेक वेळा तुमचा संशोधनाचा विषय लपलेला असतो.