‘बळी’ या शब्दाचे स्मारक

सार्वजनिक स्मारक हे समाजाने स्वतःविषयी केलेले एक विधान असते. त्यामुळे त्याची समीक्षा करताना शिल्पाच्या सौंदर्यगुणांबरोबरच या विधानाचे व्याकरणही तपासावे लागते. त्यात कर्ता कोण, कर्म कोणते आणि कोणते पद गाळले गेले आहे, हे प्रश्न निव्वळ भाषिक नसून नैतिक आहेत. बर्लिनमधील ‘नॉये वाखे’ ही वास्तू याची साक्ष देते.

शिंकेलच्या आराखड्यानुसार १८१८ मध्ये पूर्ण झालेली ही पहाऱ्याची चौकी १९३१ मध्ये पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांचे स्मारक झाली. पूर्व जर्मनीने १९६० मध्ये ती फॅसिझम व सैन्यवाद यांच्या बळींना अर्पण केली. जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९३ मध्ये, चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या पुढाकाराने तेथे केटे कोलवित्स यांच्या मृत पुत्राला कवटाळणाऱ्या मातेच्या लहानशा शिल्पाची मोठी प्रतिकृती बसवण्यात आली. युद्ध आणि जुलमी सत्ता यांच्या बळींना हे स्मारक अर्पण केल्याचा लेखही तेथे आहे.

इतिहासकार राइनहार्ट कोसेलेक यांचा मुख्य आक्षेप होता तो या लेखातील ‘ओप्फर’ या शब्दाला. त्यात स्वेच्छेने केलेला त्याग आणि निरपराध्याची हत्या हे दोन्ही अर्थ सामावतात. मराठी वाचकाला हा श्लेष परका नाही. आपल्याकडेही बळी दिला जातो, घेतला जातो आणि माणसे ‘बळी जातात’. यांतील तिसऱ्या प्रयोगात मारणारा उरतच नाही. नॉये वाखेत रणांगणावर पडलेला सैनिक आणि छळछावणीत मारलेला ज्यू एकाच शब्दाखाली येतात, ते या लोपामुळेच.

प्रतिमेतही तोच लोप आहे. कोलवित्स यांचा पुत्र १९१४ मध्ये युद्धात पडला होता. त्यांच्या शिल्पातील शोक अस्सल आहे. परंतु ख्रिस्ती परंपरेतील ही शोकमाता मागे जिवंत उरलेली आहे. ज्या संहारात मुलांबरोबर माताही मारल्या गेल्या, त्याचे प्रतिनिधित्व ती कसे करणार? टीकेनंतर प्रवेशाजवळ बळींच्या विविध गटांचा उल्लेख करणारा फलक लागला, पण मूळ लेख तसाच राहिला.

२००५ मध्ये खुल्या झालेल्या, २,७११ काँक्रीट शिळांच्या बर्लिनमधील स्मारकाच्या नावात ‘हत्या झालेले ज्यू’ असा स्पष्ट निर्देश आहे. येथे क्रियापद आले, तरी कर्ता अनुक्त राहिला. तो सापडतो गेस्टापोच्या मुख्यालयाच्या जागी उभ्या असलेल्या ‘टोपोग्राफी डेस टेरर्स’ या प्रलेखन केंद्रात. त्या केंद्राची नवी इमारत २०१० मध्ये खुली झाली. तेथे कचेऱ्या, हुकूम आणि अधिकाऱ्यांची नावे यांतून हत्येची यंत्रणा उलगडते.

शोकाला मौन लागते आणि कर्त्याचा उच्चार ते मौन भंग करतो, असा युक्तिवाद यावर संभवतो. तो खाजगी शोकापुरता ग्राह्य आहे. ज्या राष्ट्राच्या सत्तेनेच हत्या केल्या, ते राष्ट्र मात्र केवळ शोककर्त्याची भूमिका घेऊ शकत नाही. त्याच्या स्मृतीला शोकाइतकीच कबुलीही आवश्यक आहे, आणि कर्त्याचा उल्लेख टाळून कबुली देता येत नाही.