फायरवॉल म्हणजे भिंत?

शाळेतल्या संगणकाच्या पाठात फायरवॉलची ओळख बहुधा एका चित्राने होते. डावीकडे संगणक, उजवीकडे इंटरनेट, मध्ये विटांची भिंत. खाली ओळ, की बाहेरच्या धोक्यांपासून फायरवॉल आपले रक्षण करते. चित्र लक्षात राहते, परीक्षेत गुणही मिळतात. पण त्यातून दोन चुकीच्या समजुती रुजतात, असे आम्हाला वाटते.

पहिली समजूत अशी, की फायरवॉल एकदा उभी केली की काम झाले. प्रत्यक्षात फायरवॉल एक यादी वाचत असते. माहितीचे प्रत्येक पॅकेट आले की ती नियम वरून खाली तपासते. जो नियम प्रथम लागू पडेल, त्याचा निर्णय अंतिम. पुढचे नियम ती पाहतही नाही. एकही लागू पडला नाही, तर शेवटी सहसा नकार असतो. समजा, यादी अशी आहे :

१. संगणक १ ते २० यांना बाहेर जाऊ द्या.
२. संगणक ७ ला अडवा.

सातवा संगणक अडेल का? नाही. पहिल्याच नियमाने त्याला वाट मिळाली. दुसरा नियम यादीत आहे, पण त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. क्रम उलटा केला, की तो कामाला लागतो. म्हणून नवा नियम यादीच्या तळाशी जोडून मोकळे होणे धोक्याचे. (ओपनबीएसडीच्या पीएफसारख्या काही फायरवॉल एरवी शेवटचा लागू पडणारा नियम मानतात, तेव्हा पद्धत कोणती, हे आधी विचारावे.)

१० नियम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतात. पण दोन नियमांचे संच एकमेकांना छेदत असतील आणि निर्णय विरुद्ध असतील, तरच त्या दोघांचा क्रम महत्त्वाचा. संचांच्या छेदाचे इतके चांगले उदाहरण गणिताच्या तासाला सहज मिळत नाही. अविशाई वूल यांनी ३७ फायरवॉलच्या याद्या तपासून २००४ साली दाखवले, की यादी जितकी गुंतागुंतीची तितक्या चुका अधिक.

दुसरी समजूत, धोका नेहमी भिंतीबाहेर असतो ही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून पसरला. म्हणजे तो विश्वासाच्या वाटेने आला. मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात तो शिरला आणि उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून तो शेजारच्या संगणकात जाई. त्यामुळे मार्च २०१७ मधली मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती केलेले संगणकही सुटले नाहीत. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. आतल्या आत फिरणारे पॅकेट वेशीवरच्या फायरवॉलसमोर येतच नाही. तिथली यादी कितीही निर्दोष असली तरी ती वाचली जात नाही.

गंमत म्हणजे मूळ शब्दाला हे ठाऊक होते. बांधकामात फायरवॉल म्हणजे कुंपणाची भिंत नव्हे. एका खोलीतली आग दुसरीत जाऊ नये म्हणून इमारतीच्या आत बांधलेली भिंत. पाठ्यचित्राने तिला कुंपण करून टाकले.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुलांना याहून चांगले चित्र घराजवळच सापडेल : खारबांध आणि त्यातली उघाडी. उघाडीची झडप ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते, भरतीला खारे पाणी अडवते. कोणाला, कोणत्या दिशेने, हा नियम तिच्यात आहे. आणि बाहेरच्या बांधाला खांड पडली, तर आतले बांध किती शेत वाचवतील, हा प्रश्नही मुलांना नवा नाही.

चित्र काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. व्याख्या पाठ करून घेण्याआधी सहा नियमांच्या चिठ्ठ्या वर्गात वाटाव्यात, क्रम बदलावेत आणि विचारावे : आता कोण आत आले, आणि कोणता नियम मुका झाला? शाळांचे निकाल, बँकांची खाती, बंदरातले कंटेनर अशाच याद्यांच्या भरवशावर आहेत. त्या लिहिणारे उद्या याच वर्गांतून येणार आहेत.