रंगमंचीय लावणीतील शृंगार आणि समाजाची लज्जाविषयक दृष्टी : गौतमी पाटील प्रकरणाच्या निमित्ताने

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लील या दोषाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले आहेत. व्रीडा म्हणजे लाज. ही लाज काव्य ऐकणाऱ्याच्या मनात उत्पन्न होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मराठी बोलीनेही लाजेची दोन स्थाने मानली आहेत : जनाची आणि मनाची. अलीकडे लावणीनृत्याविषयी जो वाद महाराष्ट्रात झाला, त्यात मात्र लाजेची सारी जबाबदारी नाचणारीच्या देहावर सोपविण्यात आली.

गौतमी पाटील या मूळच्या धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्याच्या. ध्वनिमुद्रित गीतांवरील त्यांच्या नृत्याच्या चित्रफिती मोबाइलवरून सर्वदूर पोहोचल्या आणि २०२२ मध्ये त्यांच्या हावभावांवर अश्लीलतेचा आरोप झाला. काही ज्येष्ठ लावणी कलावंतांनीही नापसंती व्यक्त केली. त्यांनी जाहीर माफी मागितली. गर्दी मात्र ओसरली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या कपडे बदलत असताना चोरून केलेले चित्रीकरण समाजमाध्यमांवर पसरविण्यात आले. राज्य महिला आयोगाने त्याची दखल घेतली. त्याच वर्षी त्यांनी 'पाटील' हे आडनाव लावू नये, अशी मागणीही पुढे आली. ती त्यांनी मानली नाही.

प्रथम कलेविषयी. प्रस्तुत लेखकास हे नृत्य सामान्य वाटते. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ पुनःपुन्हा घेते, दर वेळी नजरेने, बोटांनी, मानेच्या किंचित कलाने तिचा निराळा अर्थ दाखविते. ढोलकी आणि पेटी तिच्यासाठी थांबतात. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतींची अदाकारी या थांबण्यावर उभी होती. डीजेवर वाजणारे गीत कोणासाठी थांबत नाही. ठेका ठरलेला, शब्द कर्कश आवाजात बुडालेले. अर्थ दाखविण्यास अवकाशच उरत नाही, म्हणून अंगविक्षेप तेवढे उरतात. हा दोष खरा आहे. परंतु तो कलेतील दारिद्र्याचा दोष होय, आणि दारिद्र्याची लाज वाटावयाची तर ती हजारोंच्या संख्येने तेच मागणाऱ्या प्रेक्षकांनाही वाटावयास हवी.

'ही लावणीच नव्हे' हा अभ्यासकांचा आवडता आक्षेप. (आपल्या चर्चासत्रांतून तो वारंवार ऐकू येतो.) त्यामागे एक शुद्ध, सोज्ज्वळ लावणी गृहीत धरलेली असते. उत्तर पेशवाईतील शाहिरांच्या शृंगारिक रचना ज्यांनी मुळातून वाचल्या आहेत, त्यांना हे गृहीतक टिकणारे नाही हे ठाऊक आहे. सोज्ज्वळता पुष्कळशी नंतरची. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली, आणि पुढे संहिता तपासून प्रयोगास परवानगी देण्याची रीत पडली. दुसरीकडे ध्वनिमुद्रिकांनी आवाज देहापासून वेगळा केला. सुलोचना चव्हाण यांनी डोईवरचा पदर ढळू न देता ठसकेबाज लावण्या गाइल्या, आणि त्या मध्यमवर्गीय घरांतही ऐकल्या गेल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या निवर्तल्या. शृंगाराचे शब्द समाजास वर्ज्य नव्हते, हे यावरून दिसते. पदराखालून आलेले शब्द चालले. देहासह आलेले चालत नाहीत.

तथापि या प्रकरणाचे मर्म आडनावाच्या वादात आहे, असे मला वाटते. शर्मिला रेगे यांनी १९९५ मधील आपल्या लेखात लावणी आणि जातिव्यवस्था यांचा संबंध उलगडून दाखविला : कनिष्ठ मानलेल्या जातींतील स्त्रियांची लैंगिकता ही लावणीतून वरच्यांच्या उपभोगाची वस्तू कशी ठरविली गेली, हे त्यांनी मांडले. नाचणारी कोल्हाटी असेल तोवर गावाला लाज वाटण्याचे कारण नव्हते. ती तिची जन्मजात वहिवाट मानली गेली. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात लेखकाच्या नावातच वडिलांच्या जागी आईचे नाव आहे, कारण मैफलीत बसणारा पुरुष नाव देण्यास बांधील नव्हता. तेथे नाव नाकारले गेले. येथे असलेले नाव काढून घेण्याची भाषा झाली. दोन्हींत नाव वाचवावयाचे आहे, आणि ते पुरुषांचे.

कायद्याची स्थिती याहून फार वेगळी नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये, सार्वजनिक ठिकाणची अश्लील कृती इतरांना उपद्रव होईल अशी असावी लागते. तिकीट काढून, शिट्ट्या वाजवीत बसलेल्यास उपद्रव झाला असे कसे म्हणावे? २००५ मध्ये राज्याने डान्सबारवर बंदी घातली, तेव्हा तारांकित हॉटेले तीतून वगळली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी अवैध ठरविताना या भेदावर बोट ठेवले. लाजेचेही दरपत्रक असते तर!

आपल्या क्षेत्राकडे पाहता निराळे चित्र दिसत नाही. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनापूर्वी गीतांची यादी तपासण्यासाठी समिती नेमली गेली होती. प्रस्तुत लेखकही तिचा सदस्य होता. एका विद्यार्थिनीच्या लावणीवर समितीने एकमताने काट मारली. तिने कारण विचारले. कोणीच स्पष्ट बोलेना, तेव्हा 'वेळेअभावी' असे कागदावर लिहिण्यात आले. पुढे गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत विद्यार्थ्यांनी तेच गीत ट्रॅक्टरवरील डीजेवर लावले, आणि समितीतील आम्ही दोघे-तिघे रस्त्याच्या कडेला उभे राहून ते पाहत होतो. ती विद्यार्थिनी मैत्रिणींसह समोरच्या ओट्यावर उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही मिरवणुकीकडे पाहत राहिलो.