थापटण्याचे काम : खानापूरच्या मडक्यांबद्दल आपण काय लिहितो

खानापूरच्या कुंभारकामावरचे लेख बहुधा एकाच साच्यातून निघतात. सुरुवातीला मलप्रभेकाठची माती, मग गोरोबाकाका, मग फिरते चाक आणि ओल्या हातांचा फोटो, शेवटी ‘लोप पावत चाललेली कला’. इथे दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही. याच मंडळासाठी काही वर्षांपूर्वी मी असाच एक लेख लिहिला होता. त्यात ‘घागर चाकावर तयार होते’ असं बिनधास्त ठोकून दिलं होतं. हे पुन्हा लिहायला बसलो ते त्या एका वाक्यामुळे.

निपाणीच्या घरातल्या माळ्यावरची जुनी घागर उतरवताना हातातून सुटली. सवयीप्रमाणे तुकडे टाकून देण्याआधी कॅलिपर लावला. काठाशी जाडी 11 मिलिमीटर, मानेशी 9, आणि पोटाला सगळीकडे 5 च्या आसपास. चाकावर ओढलेल्या भांड्याची भिंत सहसा खाली जाड आणि वर पातळ असते, कारण खालच्या भिंतीला वरचं वजन पेलायचं असतं. इथे सगळं उलटं. आतून बोट फिरवलं तर चाकाच्या गोल रेषा फक्त मानेपर्यंत लागल्या. त्याखाली एकमेकांवर चढलेले उथळ खळगे होते.

ते खळगे दगडाचे. चाकावर तयार होतो तो काठ, मान आणि खाली जाडजूड भिंतीचा एक आखूड गोळा. पुष्कळदा त्याला बूडही नसते. तो थोडा आवळला की खरे काम सुरू होते. डाव्या हातात गोल दगड, तो आतून धरायचा. उजव्या हातात लाकडी थापटणे, त्याने बाहेरून ठोकायचे. दगड आणि थापटणे नेमके समोरासमोर आले पाहिजेत. ठोके देत देत भिंत पातळ होते, पोट फुगते, बूड मिटते. दगडाला माती चिकटू नये म्हणून मधूनमधून राख. मग थोडे वाळवून पुन्हा ठोकणे.

थापटण्याने गाभ्यातली हवा जाते, माती घट्ट होते आणि जाडी सारखी होते. चुलीवरच्या मडक्याला याची फार गरज. जाडी कमी-जास्त असली किंवा बुडाला कोपरा असला की तापताना तिथेच ताण येतो आणि तडा जातो. गोल बूड तीन दगडांच्या चुलीवर नीट बसतं, हा वरचा फायदा. पाण्याच्या घागरीचा हिशोब वेगळा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. दहा लिटरच्या माठातून 100 मिलिलिटर पाझरून उडाले, आणि बाहेरची उष्णता आत शिरत नाही असं धरलं, तर आतले पाणी साडेपाच अंशांच्या आसपास उतरते. भिंत पाझरली पाहिजे पण गळता कामा नये, शिवाय भरलेली घागर कमरेवर पेलली पाहिजे. हे सगळं त्या ठोक्यांवर अवलंबून.

मग लेखांत हे का येत नाही? एक कारण आपली साधने. बेळगावचे 1884 चे गॅझेटियर किंवा एन्थोव्हेनचे 1920 ते 1922 मधले तीन खंड कुंभाराकडे जात म्हणून बघतात. पोशाख, आहार, लग्नविधी यांच्यावर त्यांचा भर. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ (1915) बलुत्याच्या देण्याघेण्याचा हिशोब मांडतो, तोही रोखठोक. हात काय करतात हे बघायला 1966 चे सरस्वती आणि बेहुरा यांचे देशभरच्या कुंभारकामाचे सर्वेक्षण उघडावे लागते. त्यात चाकांच्या प्रकारांबरोबर ठोकण्याच्या पद्धतीही आहेत. आपल्याकडे मराठीत ते कुणी फारसे वापरलेले दिसत नाही.

दुसरे कारण फोटो. चाक फिरतं, छान दिसतं. थापटणारा माणूस मांडीत मडके घेऊन तासभर ठकठक करतो, त्याचा फोटो कोण काढणार! गंमत म्हणजे ज्या गोरोबाकाकांचे नाव आपण घेतो त्यांच्या कथेत चाक नाहीच. संतांची डोकी त्यांनी थापटण्याने ठोकून पाहिली, आणि नामदेव कच्चे ठरले. कथेने हत्यार बरोबर पकडले, आपणच ते सोडून दिले.

या नजरेचे परिणाम लेखापुरते राहत नाहीत. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था खानापुरातच आहे, आणि 2018 पासून आयोग देशभर कुंभारांना विजेची चाके देतो आहे. चाक हाताने फिरवण्याचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. खांदे गेलेली माणसं पाहिली आहेत, त्यामुळे त्यावर नाक मुरडणार नाही. पण विजेचे चाक मदत करते ती पणती, कुल्हड, कुंडी अशा चाकावरच पुरत्या होणाऱ्या मालाला. थापटणाऱ्याचा ठोका त्याने हलका होत नाही. चूल गेली, ओटा आला, माठाला सपाट बूड आणि तोटी आली. गोल बुडाची मागणी उरली ती संक्रांतीची सुगडं, नवरात्राचा घट आणि अंत्ययात्रेचं मडकं एवढ्यापुरती, आणि त्यात पातळ भिंतीची घासाघीस कुणी करत नाही.

जाता जाता एक. सीमाभागात पाट्यांवरून भांडणं होतात, पण मराठी मडके आणि कन्नड मडिके, आपले गाडगे आणि त्यांचे गडिगे यांच्यात हद्द आखून दाखवा बघू. 1 नोव्हेंबर 1956 ला खानापूर आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली, ठोकायची पद्धत तीच राहिली.

मंडळाच्या संग्रहातल्या भांड्यांच्या नोंदवहीत ‘चाकावर घडवलेले’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्या नोंदी आतून तपासून पुन्हा करायला घेतल्या आहेत. काहींचे तोंड इतके अरुंद की हात जात नाही. तिथे टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा वापरतोय.