समभाग-पुरस्कारांची विक्री आणि आयकर विवरणपत्र : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

परदेशी कंपन्यांच्या भारतीय उपकंपन्यांतील कर्मचाऱ्यांना वेतनाबरोबर मूळ कंपनीचे समभाग देण्याची पद्धत पुण्यासारख्या शहरात आता अपवादात्मक राहिलेली नाही. ‘रिस्ट्रिक्टेड स्टॉक युनिट’ हे तिचे प्रचलित रूप होय. अशा समभागांच्या विक्रीची नोंद करताना होणाऱ्या चुकांचे खापर सामान्यतः करदात्याच्या अज्ञानावर फोडले जाते. प्रस्तुत लेखात आकारणी वर्ष 2025-26 चे विवरणपत्र समोर ठेवून हा समज तपासला आहे.

समभाग हाती पडतात त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 17(2) अन्वये अनुलाभ म्हणून वेतनात धरले गेले. (आर्थिक वर्ष 2007-08 व 2008-09 मध्ये हा बोजा फ्रिंज बेनिफिट टॅक्सच्या रूपाने मालकावर होता; तो कर्मचाऱ्याकडून वसूल करण्याची मुभाही मालकास होती, हा भाग वेगळा.) कलम 49(2एए) नुसार तेच मूल्य पुढे विक्रीच्या वेळी खरेदी किंमत ठरले. कायद्याची रचना इथवर सुसंगत आहे.

अडचण कागदावर येते. समजा, सप्टेंबर 2024 मध्ये 50 डॉलर दराचे 100 समभाग मिळाले, त्यांतील 30 करापोटी कापले गेले आणि उरलेले 70 फेब्रुवारी 2025 मध्ये 52 डॉलरला विकले. सोयीसाठी डॉलरचा दर 84 रुपये स्थिर धरू. विक्रीची रक्कम 3,05,760 रुपये, खरेदी किंमत 2,94,000 रुपये, म्हणजे अल्पकालीन नफा अवघा 11,760 रुपये. परंतु परदेशी दलालाच्या विवरणात खरेदी किंमत अनेकदा शून्य किंवा कोरी असते, कारण कर्मचाऱ्याने रोख काही मोजलेलेच नसते. ती तशीच उतरवली तर 30 टक्के दराने, उपकर वगळता, 3,528 रुपयांऐवजी 91,728 रुपये कर होतो. एकाच मूल्यावर दोनदा कर! भांडवली नफ्याच्या शेड्यूलमध्ये केवळ आकडा मागितला आहे. हे मूल्य वेतनात येऊन गेले काय, असे कोठेही विचारलेले नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. नफ्याची गणना आर्थिक वर्षानुसार, तर परकीय मालमत्तेचे शेड्यूल 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षानुसार. त्यामुळे वरील विक्रीचा नफा आकारणी वर्ष 2025-26 मध्ये दिसतो. त्याच विवरणपत्रातील परकीय मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये मात्र ते 70 समभाग अद्याप करदात्याकडेच आहेत. विक्रीची रक्कम तेथे उमटते ती पुढील वर्षी. विनिमय दरही वेगळे आहेत : नफ्यासाठी विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, तर मालमत्तेसाठी संबंधित तारखेचा. परदेशांकडून येणारी माहिती कॅलेंडर वर्षानुसार असते, हे या योजनेचे समर्थन होय. ते खोटे नाही. पण ती सोय प्रशासनाची आहे.

आणि चुकीची किंमत लहान नाही. 2015 च्या काळा पैसा अधिनियमात मालमत्ता न दाखवल्यास 10 लाख रुपये दंडाची तरतूद झाली. स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेस त्यातून सूट मिळाली ती 1 ऑक्टोबर 2024 पासून, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळाने. तोवर कर पूर्ण भरलेला, पण एक तक्ता कोरा राहिलेला पगारदार आणि हेतुपुरस्सर संपत्ती दडवणारा यांना दंडाचे एकच कलम लागू होते.

आमच्या वाणिज्य वर्गात भांडवली नफा आजही घर आणि दागिन्यांच्या उदाहरणांनी शिकवला जातो. त्याच वर्गातील विद्यार्थी दोन-तीन वर्षांत हिंजवडीत असे समभाग स्वीकारतात. अभ्यासक्रमात वरच्यासारखे एक उदाहरण घालण्यास कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागू नये.